घटक चाचणीतला माठ कुठल्या पायरीवर ठेवू?

टाचणवही | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, आमच्या शाळेत यंदा नवीन फर्मान निघालंय. घटक चाचणीच्या प्रत्येक प्रश्नापुढे त्याची पातळी लिहायची: ज्ञान, आकलन, उपयोजन वगैरे. बी.एड.ला असताना संविधान तक्ता (कुठल्या पातळीला किती गुण, त्याचा आराखडा) भरला होता, पण त्याला चौदा वर्षं झाली. आणि तेव्हासुद्धा मागच्या बॅचच्या मुलीचा समोर ठेवून भरला होता, खोटं कशाला बोलू.

तर काल सातवीची विज्ञानाची चाचणी काढत होते. बाष्पीभवनावरचा प्रश्न घातला: "शास्त्रीय कारण लिहा. उन्हाळ्यात माठातील पाणी थंड होते." गुण २. पातळी काय लिहायची म्हणून स्टाफरूममध्ये विचारलं, तर तीन जणांची तीन उत्तरं. एक मॅडम म्हणाल्या उपयोजन, कारण बाष्पीभवनाचं तत्त्व रोजच्या गोष्टीला लावायचंय. मुख्याध्यापक म्हणाले आकलन, कारण भिंतीवरच्या तक्त्यात "कारणे द्या" हे आकलनाच्या रकान्यात आहे. आणि आमचे पी.टी.चे सर, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं, ते चहा पिता पिता म्हणाले, "ज्ञान लिहा. गाईडमध्ये पान सत्तावीसवर आहे उत्तर."

मला वाटतं पी.टी.चे सर बरोबर आहेत. पण मग तक्ता काय कामाचा? जाणकारांनी सांगा. बुधवारपर्यंत पेपर झेरॉक्सला द्यायचाय.

---

जुनाखडू | रविवार, रात्री ११:१५

ताई, तुमच्या पी.टी.च्या सरांना माझा नमस्कार सांगा.

मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण "उद्दिष्टे व स्पष्टीकरणे" अजून झोपेत म्हणून दाखवीन. ज्ञान: विद्यार्थी स्मरण करतो, ओळखतो. आकलन: फरक स्पष्ट करतो, वर्गीकरण करतो, स्वतःची उदाहरणे देतो. उपयोजन: अनुमान काढतो, पडताळा पाहतो. आमच्या मेथडच्या (अध्यापनपद्धतीच्या) बाई प्रत्येक पाठाच्या टाचणात, म्हणजे आधी लिहायच्या आराखड्यात, हे लाल शाईने तपासायच्या. टाचणात विद्यार्थी रोज अनुमान काढायचा, वर्गात मात्र फळ्यावरचं उतरवून घ्यायचा.

गंमत अशी की हे सगळं मुळात शाळामास्तरांसाठी नव्हतंच. १९४८ साली अमेरिकेत बोस्टनला मानसशास्त्रज्ञांच्या संमेलनात विद्यापीठांचे परीक्षक जमले होते. परीक्षेचे प्रश्न एकमेकांशी देवाणघेवाण करता यावेत म्हणून त्यांना काहीतरी समान भाषा हवी होती. त्यातून १९५६ साली शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली पुस्तक आलं, सहा पायऱ्यांचं: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. म्हणजे ही प्रश्नपेढीची कपाटं होती. कुठला प्रश्न कुठल्या खणात ठेवायचा, एवढंच.

आपल्याकडे ते फार लवकर पोचलं. ब्लूम स्वतः १९५७ साली भारतात येऊन परीक्षासुधारणेच्या कार्यशाळा घेऊन गेले. त्यामुळे आपल्या बी.एड.मध्ये हा शब्दसंग्रह इतका मुरलाय की तो बाहेरून आलाय हेही कुणाच्या लक्षात नसतं.

आता तुमचा माठ. त्याच पुस्तकात एक गोष्ट स्पष्ट आहे, जी तक्ता छापणाऱ्यांनी गाळली. प्रश्न कुठल्या पायरीचा हे ठरवताना त्या मुलाने आधी काय शिकलंय हे माहीत असायला हवं, किंवा निदान गृहीत धरायला हवं. उपयोजन म्हणायचं तर प्रसंग मुलाला नवा हवा. तुम्ही वर्गात माठ शिकवला असेल, उत्तर लिहून दिलं असेल, तर माठाचा प्रश्न हे स्मरण. नसेल शिकवला तर उपयोजन. प्रश्न तोच, अक्षरही न बदलता.

---

टाचणवही | रविवार, रात्री ११:३२

काका, म्हणजे माझी पातळी मी शिकवलं काय त्यावर ठरणार? मग अ तुकडीला एक पातळी आणि ब तुकडीला दुसरी? (ब तुकडीला माठ सांगायचा राहिला होता, तास गॅदरिंगच्या तालमीत गेला.)

---

जुनाखडू | रविवार, रात्री ११:४०

अगदी तसंच. ब तुकडीसाठी तुमचा पेपर वरच्या पायरीचा झाला, गॅदरिंगच्या कृपेने.

---

बीएलकॉलम | सोमवार, सकाळी ८:०५

वा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे हा प्रकार शाळेच्या दहापट आहे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत मान्यता देणारा करार) पूर्ण सदस्य झाला, महाविद्यालयांच्या अधिमान्यतेसाठी निष्पत्तीवर आधारित शिक्षण आलं, आणि त्यासोबत प्रश्नपत्रिकेत उजवीकडे दोन रकाने आले. एक सीओ, म्हणजे विषयाची ठरलेली निष्पत्ती, दुसरा बीएल. बीएल म्हणजे ब्लूमची पातळी, एल १ ते एल ६.

खरी कार्यपद्धती सांगतो. आधी पेपर काढायचा, गेल्या पाच वर्षांचे पेपर बाजूला ठेवून. मग रकाना भरायचा. मग समन्वयक म्हणतो, "सर, वरच्या पातळ्या कमी पडतायत, टक्केवारी जुळत नाही." मग "स्पष्ट करा" खोडून "विश्लेषण करा" लिहायचं. "ट्रान्सफॉर्मरची कार्यपद्धती स्पष्ट करा" होती एल २, ती "ट्रान्सफॉर्मरच्या कार्यपद्धतीचे विश्लेषण करा" झाली की एल ४. मुलं दोन्हीला तेच उत्तर लिहितात, तीच आकृती काढतात, आणि आम्ही तेवढेच गुण देतो.

क्रियापदांची यादी हे सगळ्या भानगडीचं मूळ आहे असं माझं ठाम मत झालंय. यादी डोळ्यांसमोर आली की माणूस प्रश्न वाचायचंच सोडून देतो.

---

पाढेपाठ | सोमवार, सकाळी ९:५०

मी शिक्षक नाही, पालक आहे. थोडं वाकडं बोलतो, राग मानू नये.

या पायऱ्यांमुळे "पाठांतर म्हणजे खालचं" असं एक खूळ शिरलंय. माझ्या मुलीच्या शाळेत पाढे पाठ करून घेत नाहीत, कारण ते "खालच्या स्तराचं" आहे म्हणे. पाचवीत गेली तरी आठ सक छप्पन की अठ्ठेचाळीस, बोटं मोजते. भागाकार मांडला की निम्मा जीव पाढ्यातच जातो. वरची पायरी चढणार कुठून, खालची पायरीच काढून घेतली तर?

---

जुनाखडू | सोमवार, सकाळी १०:२०

पाढेपाठ, राग कसला, बरोबर बोललात. आणि तो त्रिकोणी मनोरा, ज्यात "ज्ञान" तळाला नि नंतरच्या दुरुस्तीतली "निर्मिती" शेंड्यावर रंगीत टोपीसारखी, तो १९५६च्या पुस्तकात नाहीच. नंतर कुणीतरी काढला आणि सगळ्या कार्यशाळांत तोच फिरला. मनोरा पाहिला की तळ म्हणजे हलकं आणि शेंडा म्हणजे भारी असं वाटणारच. पुस्तकातला क्रम साध्याकडून गुंतागुंतीकडे जातो, आणि प्रत्येक पायरी खालचीवर उभी असते. मान जास्त की कमी, असा हिशेब त्यात नाही.

अवांतर: आठ सक अठ्ठेचाळीस.

---

वर्गएकबाईएक | सोमवार, दुपारी १:३०

जिल्हा परिषद शाळा, दोन शिक्षक, पाच वर्ग. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

कार्यशाळेत नेहमी एक जण विचारतो की पहिली-दुसरीच्या पोरांना विश्लेषण-मूल्यमापन कसं जमणार, ते हायस्कूलचं काम. मला हे कधीच पटलं नाही. पहिलीच्या पोरांना मैदानातली पानं गोळा करायला लावली आणि "गट करा" एवढंच सांगितलं. कुणी हिरवी-वाळलेली केली, कुणी लांब-गोल. एकाने "शेळी खाते" आणि "शेळी खात नाही" असे दोन ढीग केले. मग दुसरीने त्याच्याशी भांडण काढलं की बाभळीचं पान शेळी खाते, तू चुकीच्या ढिगात टाकलंस. निकष ठरवणं, निकषावर तपासणं, सगळं झालं. वय सहा.

२००१ साली अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी जुन्या पायऱ्या दुरुस्त केल्या, त्यात नामांची क्रियापदं झाली: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्माण करणे. आधी मूल्यमापन सगळ्यात वर होतं आणि संश्लेषण त्याच्या खाली. आता निर्मिती वर गेली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक आडवी-उभी गोष्ट होती, ती आपल्या प्रशिक्षणात पाच मिनिटांत उरकतात: ज्ञानाचे चार प्रकार. तथ्यं, संकल्पना, रीत आणि स्वतःच्या शिकण्याची जाण. सहा क्रिया गुणिले चार प्रकार, चोवीस खाने. मला स्वतःला हा तक्ता मनोऱ्यापेक्षा जास्त कामाला येतो.

क्षेत्रफळाचं सांगते. पाचवीला "लांबी गुणिले रुंदी" हे सूत्र सगळ्यांना येतं, रीत येते. संकल्पना येत नाही. परिमिती आणि क्षेत्रफळ एकच वाटतं बऱ्याच जणांना. मी विचारलं, "कोंबड्यांसाठी कुंपण घालायचंय, २४ मीटर तार आहे. आयताकृती खुराड्यात जास्तीत जास्त जागा कशी मिळेल?" आधी सगळे म्हणाले, "बाई, तार तेवढीच तर जागा तेवढीच." मग काड्या मांडायला लावल्या. १ बाय ११ ला ११ चौरस मीटर, २ बाय १० ला २०, ३ बाय ९ ला २७, असं करत ६ बाय ६ ला ३६. तक्ता पूर्ण झाल्यावर एक पोरगा कितीतरी वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मंजी तार सारखी पन जागा तिप्पट?" हो रे बाबा, तिप्पटीहून जास्त.

आता हे उपयोजन की विश्लेषण, मला सांगता येणार नाही आणि त्यावाचून अडतही नाही. पण चोवीस खान्यांमुळे माझ्या हे लक्षात आलं की मी वर्षभर "रीत वापरणे" याच एका खान्यात बसले होते.

---

लेथवाला | सोमवार, संध्याकाळी ६:४५

आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला निदेशक आहे. तुमची चर्चा सगळी डोक्याची चाललीये, हाताचं कोण बोलणार?

ब्लूमच्या मंडळींनी तीन क्षेत्रं मानली: बोधात्मक (डोक्याचं), भावात्मक (मनाचं), क्रियात्मक (हाताचं). भावात्मकाचं पुस्तक १९६४ साली आलं. हाताच्या कौशल्याचं मात्र त्यांनी स्वतः केलंच नाही. ते दुसऱ्यांनी केलं, आणि त्यातली एक मांडणी भारतीय माणसाची आहे, आर. एच. दवे यांची, १९७०ची. दवे एनसीईआरटीचे. पाच टप्पे: अनुकरण, सांगितल्यावरून करणे, अचूकता, अनेक क्रिया एकत्र जुळवणे, सहजता. आपल्याकडे टाचणात "कौशल्य" असा एकच शब्द लिहून मोकळे होतात.

माझ्याकडे पोरगा आला की पहिले आठ दिवस माझं बघून फेसिंग (लेथवर तुकड्याचं तोंड सपाट करणं) करतो. मग मी बाजूला उभा राहून नुसतं तोंडाने सांगतो. मग व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात देतो आणि म्हणतो, माप सांग. इथे बरेच अडकतात. ०.०२ मि.मी. पर्यंत वाचता आलं पाहिजे, आणि जबडा जास्त आवळला तर माप चुकतं हे बोटांना कळलं पाहिजे. शेवटी एक दिवस येतो की पोरगा पलीकडच्या मशीनवर बोलत उभा असतो आणि आपल्या लेथचा आवाज बदलला की न बघता फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी करायला धावतो. ते आलं की माझं काम झालं.

लेखी पेपरला यातलं काहीच दिसत नाही. आवाज ऐकून धावणारा पोरगा थिअरीत नापास झालेला मी बघितलाय.

---

अक्षरभारती_दहावी | सोमवार, रात्री ९:१०

मराठीचं दुःख मी सांगते. बोर्डाने दहावीला भाषांच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका केली. हेतू स्तुत्य होता. पाठ्यपुस्तकातलं घोकून चालणार नाही, आकलन आणि स्वमत हवं. पहिलं वर्ष खरंच छान गेलं. पोरं चुकीचं का होईना, पण स्वतःचं लिहीत होती.

आता? कवितेच्या रसग्रहणाचे तीन ठरीव परिच्छेद: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. प्रत्येकाची सुरुवातीची दोन वाक्यं क्लासवाले पाठ करून घेतात, फक्त कवितेचं नाव बदलायचं. "स्वमत" तर आणखी भारी. चाळीस पेपर तपासले तर चाळीस जणांचं स्वमत एकच! रसग्रहण भावात्मक क्षेत्रातलं म्हणून आम्ही शिकलो, ते पोरांनी ज्ञानाच्या खणात नेऊन ठेवलं.

जुनाखडू काकांचं "आधी काय शिकवलं" हेच इथेही लागू. नमुना उत्तर बाजारात आलं की त्या दिवशी प्रश्न खाली उतरला.

---

बीएलकॉलम | सोमवार, रात्री ९:२५

"चाळीस जणांचं स्वमत एकच" हे मी उद्या विभागाच्या बैठकीत ढापणार आहे.

---

पाढेपाठ | सोमवार, रात्री ९:५८

मग याला अंतच नाही. शिक्षकाने नवीन प्रश्न काढायचा, गाईडवाल्याने पुढच्या वर्षी छापायचा, पुन्हा नवीन काढायचा. दरवर्षी नवीन प्रश्न कुठून आणणार शिक्षक? त्यांना जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी यातून वेळ कधी मिळणार?

---

वर्गएकबाईएक | सोमवार, रात्री १०:१०

वेळ मिळत नाही हे खरं. पण प्रत्येक प्रश्न नवा लागत नाही. वीस गुणांच्या चाचणीत एक अनोळखी प्रश्न पुरतो. बाकीचे पाठांतराचे असू देत की, तेही तपासायचं असतंच. फक्त पाठांतराच्या प्रश्नापुढे "विश्लेषण" लिहू नये, एवढंच.

टाचणवही ताई, माठाचं पुढे काय झालं? मला वाटतं माठ ठेवा, पण त्याला जरा हलवा. पावसाळ्यात माठाचं पाणी तेवढं गार का होत नाही, असं विचारा.

---

जुनाखडू | सोमवार, रात्री १०:३०

किंवा माठाला बाहेरून ऑइलपेंट दिला तर? गाईडमध्ये निदान यंदा तरी नसेल. अजून एक: स्टीलच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं. स्टीलला कुठे छिद्रं असतात? ज्याने "माठाला सूक्ष्म छिद्रे असतात" एवढंच घोकलंय तो इथे गडबडेल. ज्याला बाष्पीभवनाने उष्णता निघून जाते हे कळलंय, त्याला छिद्रं फक्त पाणी बाहेर आणण्यापुरती आहेत हे लक्षात येईल.

---

टाचणवही | पुढच्या रविवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. चाचणी झाली, पेपर तपासून आत्ताच उठले.

मी दोन प्रश्न ठेवले. जुना माठ जसाच्या तसा, २ गुण, पुढे लिहिलं "ज्ञान". मुख्याध्यापकांनी विचारलं, तक्त्यात तर आकलन आहे? मी म्हटलं, सर, गाईडचं पान सत्तावीस बघा. त्यांनी खरंच बघितलं आणि सही केली. दुसरा रंगवलेला माठ, २ गुण, "उपयोजन".

जुन्या माठाला जवळजवळ सगळ्यांचं सारखंच उत्तर, "सच्छिद्र" शब्दाच्या स्पेलिंगसह (म्हणजे "सछिद्र", गाईडमध्येच तसं छापलंय). रंगवलेल्या माठाला बऱ्याच जणांनी पुन्हा तेच उत्तर लिहिलं, की माठ सच्छिद्र असतो म्हणून पाणी थंड होते. प्रश्नात "ऑइलपेंट" आहे हे त्यांनी वाचलंच नाही. काहींनी लिहिलं की रंग विषारी असतो म्हणून पाणी पिऊ नये. चूक म्हणवत नाही, पण विचारलं ते नाही. नीट लिहिलेली उत्तरं थोडी, आणि त्यातली निम्म्याहून जास्त ब तुकडीतली. काका, गॅदरिंग जिंदाबाद.

पण एका पेपरवर अडलेय. ब तुकडीतली मुलगी, वर्गात फारसं बोलत नाही. तिचं उत्तर जसंच्या तसं देते:

"आमच्या घरचा माठ रंगवला नाही तरी आता पाणी गार करत नाही. आज्जी म्हणते माठ म्हातारा झाला. मी काथ्याने बाहेरून घासला तर थोडं गार झालं. म्हणून रंग लावल्यावर पण तसंच होत असेल, घासल्यावर रंग निघाला तर परत गार होईल."

बाष्पीभवन हा शब्द नाही. छिद्रं हा शब्द नाही. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यातला एकही मुद्दा नाही. किती देऊ?

---

लेथवाला | रविवार, रात्री ९:२१

दोन पैकी दोन. आणि माझ्याकडे पाठवा, टर्नरला घेतो.

---

अक्षरभारती_दहावी | रविवार, रात्री ९:३०

दोन. हे स्वमत आहे. खरं.

---

बीएलकॉलम | रविवार, रात्री ९:४४

मी दीड देईन, शब्द वापरले नाहीत म्हणून. पण तिने स्वतः घासून बघितलंय. प्रयोग, निरीक्षण, दुसऱ्या प्रसंगावर अनुमान. एल ३, एल ४, बहुतेक एल ५ पण. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रकल्पात एवढं नसतं. मरो, दोन द्या.

---

जुनाखडू | रविवार, रात्री १०:०२

दोन द्याच. आणि उद्या तिला वर्गात विचारा, घासल्याने नेमकं काय निघालं असेल? जुन्या माठाच्या छिद्रांत पाण्यातले क्षार साचतात, म्हणून तो "म्हातारा" होतो. पण हे तुम्ही सांगू नका, तिलाच शोधू द्या. सांगितलंत की पायरी उतरली.

---

टाचणवही | रविवार, रात्री १०:०८

दोन दिले. क्षारांचं सांगत नाही. शाळेच्या वऱ्हांड्यातला जुना माठ आणि काथ्या उद्या वर्गात नेते.